वाळवणखान्यातली निळी रेघ

"घासा मास्तर, घासा. पार सोलून काढा म्हातारीला!"

येसूबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी तेव्हा धोतर गुडघ्यांपर्यंत खोचून, हातात लोखंडी खरवडणी घेऊन, कर्जतच्या जुन्या भातगिरणीच्या जमिनीवर उकिडवा बसलो होतो. वय साठीच्या जवळ. पस्तीस वर्षं रंगभूमीवर राजे, सेनापती आणि एकदा तर साक्षात यमराज झालेला माणूस मी. दारात एक काळीसावळी, उंच बाई उभी. पदर डोक्यावरून, पायांना डोंगरातल्या वाटेची तांबडी धूळ. माझ्यामागून गावातली चार मंडळी पाण्याच्या बादल्या ओतत होती. मी मान वर करून हसलो आणि पुन्हा घासू लागलो. ती गिरणीला म्हातारी म्हणतेय, एवढं मला कळलं. सोलणं कशाला म्हणतेय, ते कळायला तीन महिने गेले.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. आमची नाटक मंडळी मोडल्यावर मी भिसेगावात दोन खोल्या घेऊन राहिलो होतो. मंडळीतली एक पेटी, थोडे भरजरी अंगरखे आणि रंगाची डबी एवढी माझी इस्टेट. गाव मला 'मास्तर' म्हणायचं, कारण मी पोरांना गणपतीतली नाटकं शिकवायचो.

गिरणी भिसेगावच्या कडेला, शेतांच्या बांधाला लागून. एका पारशी शेटनं बांधलेली. विटांची उंच चिमणी, वाफेचं इंजिन आणि त्याला लागून शंभर पावलं लांब असा दगडी वाळवणखाना. कर्जतचं भात इथं मोठ्या कढयांत उकडायचं, या वाळवणखान्यात पसरून वाळवायचं आणि मग भरडायचं. वारा यावा म्हणून भिंतींना वरपासून खालपर्यंत दगडी जाळ्या. सकाळचं ऊन त्या जाळ्यांतून आत आलं की जमिनीवर असा प्रकाश पडायचा की मला वाटे, नुसतं उभं राहिलं तरी प्रवेश रंगेल!

पुढे गावोगाव विजेवरच्या चक्क्या निघाल्या आणि सहासष्ट साली ही गिरणी बंद पडली. सात वर्षं तिथं वटवाघळं राहिली. मग जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्याच्या कुणा जाणत्या माणसाला ते इंजिन आणि त्या जाळ्या आवडल्या, आणि गिरणी संरक्षित ठरली. भिंतीत खिळा मारायला बंदी, म्हणून पाटीसुद्धा दारापुढे खांब रोवून त्यावर लावली. पाटीवर लिहिलेलं: या वास्तूत कोणताही फेरबदल, भर अथवा घट करू नये.

संरक्षण मिळालं, पण इमारत रिकामीच. तेव्हा आम्ही पाचसहा जणांनी समिती केली. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाड्यांतल्या मुली सातवी झाल्या की शाळा सोडत. कर्जतच्या हायस्कुलात यायचं तर दोन तासांची डोंगरवाट, पावसाळ्यात मधले ओहोळ. त्यांच्यासाठी या वाळवणखान्यात वसतिगृह करावं, अशी आमची कल्पना. खात्यानं मान्य केलं, अट एकच: पाटीवर लिहिलंय ते पाळायचं.

समितीला स्वयंपाकाला आणि देखरेखीला एक बाई हवी होती. येसूबाईंचं नाव सगळ्यांनी एका तोंडानं घेतलं. "तिच्याइतकी ती गिरण कुणाला ठाऊक?" असं म्हणाले. तेवढ्यावरून मी तरी एखादा प्रश्न विचारायला हवा होता.

येसूबाई कळंबकडच्या. चौदाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात गिरणीत लागल्या. नवरा बुधाजी भट्टीत तूस सारायचा. येसूबाईंकडे वाळवणखाना. उकडलेलं भात वाफाळत यायचं, ते पसरायचं आणि मग बायकांनी एका रांगेत पाय घासत त्यातून चालायचं, की पावलांमागे सऱ्या पडत आणि दाणा उलटा होई. दिवसभर चालायचं. भरडाईला भात तयार झालं की नाही, हे शेट येसूबाईंना विचारायचा. त्या खाली बघायच्यासुद्धा नाहीत. म्हणायच्या, "तळपायाला कळतंय."

छप्पन साली त्यांच्या वस्तीनं धम्माची दीक्षा घेतली, तशी त्यांनीही घेतली. देव्हारा उतरवला, जुन्या चाली सोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर झाल्या. बुधाजी गिरणी बंद पडायच्या आधीच गेला. एक मुलगी, हिरू. तिचं लग्न झालं, ती खोपोलीला नांदते. हिरूबद्दल येसूबाई फार बोलत नसत. एकदाच बोलल्या, तेही भाजी चिरता चिरता.

"हिरूला चौथीतून मीच काढली, मास्तर. मास्तरीण घरी आली व्हती सांगाया, पोर हुशार हाय म्हणून. पन त्या साली भात लय आलं. वाळवणाला पाय कमी पडत व्हते."

एवढंच. पण मार्च महिन्यात ही बाई कुणी न सांगता वाड्यावाड्यांतून हिंडून अकरा मुली गोळा करून का आली, ते मला त्या दिवशी समजलं.

त्यातली सगळ्यात अवघड वाडी पोशाची. पोशा ठाकर, बोलायला तुटक, हाडाचा सरळ. त्याची चिमा सातवीत, पहिल्या नंबराची. माथेरानच्या एका हॉटेलात तिला भांडी घासायला लावायचं जवळजवळ ठरलं होतं. पोशानं येसूबाईंना शिक्षणाबद्दल काही विचारलं नाही, जेवणाबद्दल नाही. म्हणाला, "माझी पोर भुईवर निजते. दगडावर निजली तर मरंल. भुई कशी हाय तिथं?"

येसूबाई म्हणाल्या, "माज्या हातची भुई हाय ती. तीस वर्सं सारवलीय. माजी पोर निजलीय तिच्यावर पावसाळ्याची. मी शब्द देते."

पोशा म्हणाला, "मंग येईल."

हा शब्द देऊन डोंगर उतरून त्या थेट गिरणीत आल्या, तर दारातून दिसतो कोण? मी, उकिडवा बसलेला, त्यांची तीस वर्षं खरवडून बादलीत भरणारा!

खरवडण्याची कल्पना माझीच होती, हे इथं कबूल करतो. पडदा उघडला की प्रेक्षकाची पहिली नजर जमिनीवर जाते, ही रंगभूमीची शिकवण. वाळवणखान्यात दगडी फरशीवर काळाकुट्ट, कडक थर बसलेला. मला वाटलं, इतक्या वर्षांची घाण. खात्याचे साहेब तपासायला येणार, तर त्यांना मूळचा दगड दिसू दे. चार दिवसांत आम्ही सगळा वाळवणखाना घासून काढला. दगड असे चकचकीत निघाले की मी पेटी आणून तिथंच एक पद म्हटलं. येसूबाई दाराला टेकून ऐकत होत्या. पद संपल्यावर म्हणाल्या, "गळा बरा हाय," आणि निघून गेल्या.

मे महिना संपत आला आणि हवा बदलली. एका सकाळी मी कुलूप काढून आत गेलो तर जमीन ओली. कुणी पाणी सांडलं म्हणावं तर शंभर पावलं सगळीच ओली. दगडाला घाम फुटला होता.

वसतिगृहाला दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला लागायचा. डॉक्टर आले, खिशातलं वर्तमानपत्र त्यांनी जमिनीवर पसरलं आणि आमच्याशी गप्पा मारत बसले. तासाभरानं उचललं तर कागद भिजून लगदा झालेला, आणि मथळ्याची अक्षरं उलटी होऊन दगडावर उमटलेली.

"मास्तर, पावसाळ्यात इथं मुली झोपवल्या तर दिवाळीपर्यंत निम्म्या माझ्या दवाखान्यात असतील," डॉक्टर म्हणाले. "खाटा टाकल्यात तरी अंथरुणं, पुस्तकं, धान्य सगळं सादळणार. जमिनीचं काहीतरी करा. सिमेंट घाला, लादी बसवा. जमीन कोरडी दिसली की दाखला देतो."

मी खात्याला लिहिलं. उत्तर आलं टिपणीस नावाच्या अधिकाऱ्यांचं. हेच ते जाणते गृहस्थ, ज्यांनी गिरणी वाचवली होती. अक्षर सुबक, मजकूर कोरडा. सिमेंट, लादी, लाकूड अथवा अन्य कोणताही थर मूळ जमिनीवर घालता येणार नाही. दहा जूनला मी समक्ष येईन. तोवर डॉक्टरांचा दाखला नसल्यास वसतिगृहाची परवानगी रद्द समजावी.

एकजण म्हणतो, काहीतरी घाला. दुसरा म्हणतो, काहीही घालू नका. मधे अकरा मुली. बारा जूनला शाळा उघडणार होती.

मी येसूबाईंना पत्र वाचून दाखवलं आणि माझ्या सगळ्यात करुण आवाजात म्हटलं, "वाड्यांवर निरोप धाडा, येसूबाई. यंदा जमत नाही म्हणावं."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "निरोप धाडायचा तर तुमी धाडा. शब्द माजा हाय."

"मी उद्या मुंबईला जातो. खात्यात वरच्या साहेबांना भेटतो. पाया पडतो."

"पडा. मी हितं बगते काय बगायचं ते."

मुंबईत माझे सहा दिवस गेले. जुन्या एका नटमित्राकडे उतरलो आणि रोज सकाळी अर्ज घेऊन त्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसलो. शिपायानं मला ओळखलं. लहानपणी त्यानं माझा यमराज पाहिला होता आणि आठवडाभर त्याला झोप लागली नव्हती. त्यानं चहा पाजला. पण आतून निरोप एकच आला: टिपणीससाहेब दहा तारखेला स्वतः जाणार आहेत, त्यांचा शब्द शेवटचा.

नऊ तारखेला दुपारी कर्जतला उतरलो आणि तसाच गिरणीकडे गेलो. रिमझिम चालू होती. फाटकातच वास आला. शेणाचा, राखेचा आणि धुमसणाऱ्या तुसाचा. पुढे होऊन पाहतो तर काय! वाळवणखान्यात दहाबारा बाया ओळीनं वाकलेल्या, हात कोपरापर्यंत काळे, आणि शेवटचा कोपरा सारवणं चालू. दर दहा पावलांवर घमेल्यात तूस धुमसत ठेवलेलं. मी घासून चकचकीत केलेला एकही दगड दिसत नव्हता. भिंतीशी पोशा बसला होता, शेजारी चिमा, मांडीवर गाठोडं.

"येसूबाई!" माझा आवाज असा लागला की सगळ्या बाया सरळ झाल्या. "हे काय केलंत? उद्या साहेब येणार! कागदावर लिहिलंय, थर घालायचा नाही म्हणून!"

"थर व्हताच," येसूबाई म्हणाल्या. "तुमी काढलात."

येसूबाई हातावरचं शेण झटकत उठल्या.

"ह्या दगडावर उकडलेलं भात कधी टाकलं व्हतं का कुणी? फटीत जातंय, दगड घामेजतो, भात सडतंय. म्हणून दर साली पयल्यापासून सारवायची. माज्या आदी माजी सासू. शेन, भट्टीतली तुसाची राख, तांबडी माती. तीन हात द्यायचे आनि घमेल्यात तूस धुमसवायचं, म्हंजी पावसाळ्यातपन सुकतंय."

"अहो, मग मार्चमध्ये मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. सोलून काढा म्हटलं."

"तसं नव्हे! नीट का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुनी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं सायबाचा हुकूम आसंल. सायबाच्या कामात आमी कशाला बोलावं?"

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यातली एक, धोंडूबाई म्हणून चिमाची आई, मोठ्यानं म्हणाली, "येसूबाय, मास्तरांला पन एक घमेलं द्या की!"

"आता धुऊन टाकलं पाहिजे," मी पुटपुटलो. "साहेब आले की संपलंच."

"धुवा. हिरीचं पानी मी शेंदून देते." येसूबाईंनी पोशाकडे हनुवटी केली. "मंग त्याला तुमीच सांगा."

पोशा माझ्याकडे बघत होता. चिमाही. तिनं गाठोड्याची गाठ दोन्ही हातांनी धरली होती. मी खाली बसलो आणि तळहात जमिनीला लावला. जमीन कोरडी होती. कोरडी आणि उबदार, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी. मी काही धुतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचा उपाय म्हणून भाषण पाठ करून आलो. अकरा वाजता टिपणीससाहेब जीपमधून उतरले. पन्नाशीचे, कृश, चष्मा जाड काचांचा. डॉक्टरही आले, कंपाउंडरला घेऊन. साहेबांनी उंबऱ्यातूनच जमीन पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. माणूस रागावला असता तर परवडलं असतं. ते दुखावले होते.

"मी इतकं स्पष्ट लिहिलं होतं," ते म्हणाले.

मी पुढे झालो, छाती भरून घेतली. "साहेब! या डोंगरांच्या लेकी..." दगडी भिंतींनी माझं वाक्य तीनदा परत केलं.

"मास्तर, थांबा," साहेब म्हणाले. मी थांबलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण ते.

डॉक्टरांनी आपलं वर्तमानपत्र पसरलं. बाहेर पाऊस चालू, आत आम्ही सगळे एका कागदाभोवती उभे. तासानं डॉक्टरांनी तो उचलला, बोटांत कुरकुरवून पाहिला आणि तिथल्या तिथं दाखला लिहून दिला.

"तुमचं झालं, डॉक्टर," टिपणीस म्हणाले. "माझं नाही. इमारतीत भर घालायची नाही, ही माझी अट होती. ती मोडली. उद्या कुणी जाळ्यांना गिलावा करील आणि म्हणेल, कोरडं राहतं. ही जमीन पूर्वी सारवलेली होती, असं ही बाई म्हणते. असेल. पण गिरणी संरक्षित केली तेव्हा इथं वटवाघळांची घाण साचली होती, तिच्याखाली काय होतं ते आम्ही पाहिलं नाही. मला पुरावा पाहिजे."

पुरावा मी मार्चमध्ये बादल्या भरभरून शेतात टाकला होता.

मग येसूबाई म्हणाल्या, "काट्याखाली बगा."

वाळवणखान्याच्या टोकाला, चाकं गंजून बसलेला, एक भलामोठा लोखंडी वजनकाटा होता. पोती चढवून तोलायचा, चार बैलांना हलणार नाही असा. आम्ही खरवडताना त्याच्या कडेपर्यंत खरवडलं होतं, तो हलला नाही म्हणून सोडून दिला होता.

"गिरन बंद झाली त्या दिवशी सकाळी मी सारवलं," येसूबाई सांगू लागल्या. "मला म्हाईत व्हतं, आज शेवट हाय. तरी सारवलं. दुपारला हमालांनी ह्यो काटा फाटकातून ढकलत आत आणला, भंगारवाले चोरतील म्हणून, आनि माज्या वल्या भुईवर ठेवला. मी लय शिव्या दिल्या. बारा सालं झाली. तिथंच हाय."

पहारी आणल्या. पोशा, जीपचा ड्रायव्हर, कंपाउंडर आणि मी. पोशानं एकट्यानं आमच्या तिघांइतका जोर लावला. काटा किंचाळला आणि हातभर सरकला.

खाली काळीभोर, गुळगुळीत, तुकतुकीत जमीन. तिच्यावर चाकाचा एक घासलेला ओरखडा, बारा वर्षांपूर्वीचा. असा सगळा वाळवणखाना होता, आणि मी त्याला घाण म्हटलं!

टिपणीससाहेब खाली बसले. खिशातला छोटा चाकू काढून त्यांनी कडेचा एक तुकडा अलगद सोडवला. दोन बोटं जाड. तो उजेडाकडे धरला आणि चष्मा कपाळावर सारला.

"हे काय आहे?"

आम्ही वाकलो. काळ्या थरांच्या मधे मधे दोऱ्यासारख्या तांबड्या रेघा होत्या. एकीवर एक, खालपासून वरपर्यंत, कितीतरी.

"दसऱ्याची काव," येसूबाई म्हणाल्या. "दसऱ्याला इंजिनाची पूजा. त्या दिवशी सगळ्या भुईला कावेचा एक हात द्यायचा. दुसऱ्या दिवशी वरून काळं. माज्या सासूपासून रीत."

साहेब रेघा मोजत वर वर येत होते. मधेच थांबले.

"आणि या? वरच्या? या निळ्या आहेत."

येसूबाईंच्या हातावरचं शेण वाळून भेगाळलं होतं, ते त्या नखानं काढत राहिल्या.

"दहा आहेत," साहेब म्हणाले. "शेवटच्या दहा."

"सत्तावन ते सहासष्ट," येसूबाई म्हणाल्या. "दीक्षा घेतली तो दसराच व्हता. फुडल्या दसऱ्याला शेटनं काव दिली. मी म्हटलं, पूजा आता माजी नाय, तर काव कशापायी? पन भुई तर सारवायची. मंग मी कापडाची नीळ आणली, राखेत कालवली आनि दिली. कुनाला बोलले नाय."

"शेटना दिसलं नाही?"

"शेट काय वाकून बगतोय भुईकडं? दिवसभर भात पसरलेलं. दुसऱ्या दिवशी वरून काळं. शेटची गिरन वर, आमचं निळं खाली." मग त्या थोडं हसल्या. "हिरूच्या बापाला तेवढं ठावं व्हतं. तो म्हणायचा, येसू, कुनी खोदलं तर?"

टिपणीससाहेब उठले. तो तुकडा त्यांनी रुमालात गुंडाळला. मग ते दारापर्यंत चालत गेले, उंबऱ्याबाहेर बूट काढून ठेवले, मोजे काढले आणि अनवाणी परत आले. त्यांच्या मागोमाग ड्रायव्हरनं, डॉक्टरांनी, कंपाउंडरनं आणि मी, सगळ्यांनीच चपला काढल्या. पोशाला काढायला काही नव्हतं.

काट्याच्या फळीवर कागद ठेवून साहेबांनी उभ्यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "वाळवणखान्याची जमीन हा मूळ वास्तूचा भाग असून ती शेण, तुसाची राख व तांबडी माती यांनी पूर्वीच्या पद्धतीने सारवलेली ठेवावी. काट्याखालील भाग जसा आहे तसा जपावा. जमीन कोणत्याही कारणाने खरवडू नये." शेवटच्या वाक्याला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाटकात शिकलो होतो तसा कमरेत वाकलो.

"आणि दसऱ्याला कोणता रंग द्यायचा, यावर खात्याचं काही म्हणणं नाही," ते येसूबाईंना म्हणाले.

या सगळ्या वेळात पोशा कुठं गेला, कुणाचं लक्ष नव्हतं. धोंडूबाई त्याला शोधत भिंतीकडे गेली आणि तिथून ओरडली, "ह्ये बगा! ह्याला पोरीची भुई बगायला आणला, तर ह्योच निजला!" पोशा जाळीखाली आडवा, हात उशाला, चक्क घोरत होता. चिमानं त्याला हलवलं. तो उठून बसला, जमिनीवरून एकदा हात फिरवला आणि येसूबाईंना म्हणाला, "बरी हाय." त्यानं गाठोडं चिमाच्या हातात दिलं आणि पावसात चालता झाला.

बारा जूनला अकरा मुली हायस्कुलात गेल्या. पुढच्या वर्षी सतरा झाल्या. पहिल्या दिवशी शाळेच्या नोंदवहीत 'वसतिगृहाच्या बाई' म्हणून येसूबाईंचा अंगठा उमटला. तिसऱ्या वर्षी त्याच जागी चिमाच्या मांडीला मांडी लावून शिकलेली त्यांची सही होती, वाकडी, पण ठाम.

त्या पहिल्या दसऱ्याची मात्र गोष्ट सांगायची राहिली. सकाळी येसूबाईंनी मला बोलावणं धाडलं. गेलो तर मुलींनी वाळवणखाना आपसांत वाटून घेतलेला. येसूबाईंच्या घमेल्यात नीळ. चिमानं आणि वाडीच्या पोरींनी तांदूळ वाटून पांढरं केलं होतं, त्यांच्या घरच्या भिंतींवर लग्नात काढतात तसलं. कुणी काव आणली होती. येसूबाईंनी मला दाराजवळचा कोपरा दाखवला.

"ह्यो तुमचा. तुमीच खरवडलात, तुमीच भरा."

"मला येत नाही हो."

"मला तरी कुठं आलं व्हतं? चौदा वर्सांची व्हते. रंग कंचा आणलात?"

मी काही आणलं नव्हतं. घरी गेलो आणि ट्रंकेतली रंगाची डबी काढली. हिंगूळ वाळून दगड झाला होता, सफेदा संपला होता. पिवडी तेवढी होती, राजाच्या गालांना लावायची. ती राखेत कालवली आणि येसूबाईंच्या देखरेखीखाली उकिडवा बसलो. त्याच जागी, मार्चमध्ये बसलो होतो तिथंच. हात कसा फिरवायचा, हे त्यांनी मनगट धरून दाखवलं. "दाबू नका. भुईला समजवायचं असतं, मारायचं नसतं." मुली खिदळत होत्या. चिमा म्हणाली, "मास्तर, तुमचा हात थरथरतो, त्यानं लाटा आल्यात." मी म्हटलं, "बाळ, याला आम्ही अभिनय म्हणतो."

त्याला आता नऊ वर्षं झाली. चिमा अध्यापनाचा कोर्स पुरा करून डोंगरातल्याच एका शाळेवर आहे. येसूबाई आता वाकत नाहीत, दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि तिथून हुकूम सोडतात. पण जमीन सुकली की नाही, ते अजून त्याच सांगतात. मुली त्यांना हाताला धरून आत आणतात. त्या चप्पल काढून दोन पावलं टाकतात, डोळे मिटून. त्या 'हूं' म्हणाल्याशिवाय कुणी अंथरूण पसरत नाही.

दाराजवळचा कोपरा दर दसऱ्याला माझ्याकडेच असतो. तो अजून खडबडीत होतो. दरसाल येसूबाई तिथं पाऊल टाकतात, थांबतात, आणि सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मास्तरांचा हात आला गं हितं. जपून चाला."